हसू आल्यास कारण लिहा

लहानपणी मी रस्त्यात हट्टाने बसकण मारली की बाबांचं एक ठरलेलं वाक्य असायचं, "तमाशा करू नकोस." त्याच बाबांनी दोन वर्षांपूर्वी माझ्या फीचे पैसे भरले आणि पावती आली : 'एम. ए. लोककला. विशेष अभ्यास – तमाशा.' बाबा विमा कंपनीत असल्यामुळे पावत्यांच्या बाबतीत काटेकोर. आमच्याकडे १९९४ सालच्या मिक्सरचीसुद्धा पावती आहे. ही मात्र कुठे ठेवली ते ते सांगत नाहीत.

घरच्यांना धीर यावा म्हणून मी पठ्ठे बापूरावांचं उदाहरण दिलं. मूळचे रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. चांगलं कुलकर्णीपण सोडून तमाशाच्या फडात गेले आणि लावणीत अजरामर झाले. आईने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "आणि शेवटचे दिवस कसे गेले त्यांचे?" मी पाणी प्यायला उठलो.

पण खरी परीक्षा घरी नव्हती, वर्गात होती. दुसऱ्या सत्राला हास्यरस होता. भरतमुनींनी नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात हसण्याचे सहा प्रकार सांगितलेत : स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित आणि अतिहसित. पहिले दोन उत्तम लोकांचे, मधले दोन मध्यमांचे, शेवटचे दोन अधमांचे. स्मितात दात दिसता कामा नयेत. उपहसितात नाकपुड्या फुलतात, खांदे आणि मान वाकते. अतिहसितात डोळ्यांतून पाणी येतं आणि हात कमरेवर जातात. सर हे तीन आठवडे शिकवत होते आणि त्या तीन आठवड्यांत त्यांचा एक दात कोणी पाहिला नाही. एकदा मागच्या बाकावरची एक मुलगी फिस्सकन हसली.

सर थांबले. "हे कोणतं?"

"उपहसित, सर."

"चूक. खांदे कुठे वाकले?"

मग आला क्षेत्रीय अभ्यास. गुढीपाडव्याच्या आसपास जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे यात्रा कमिटीवाले तिथे येऊन आपल्या जत्रेची सुपारी ठरवून जातात. उन्हं तापलेली, राहुटीत फडाचा बोर्ड, सतरंजी, हिशेबाची वही. मी आत शिरलो तसे व्यवस्थापक लगबगीने सावरून बसले. "या, या! कुठल्या गावची सुपारी?"

"सुपारी नाही, प्रश्नावली आहे."

ते पुन्हा तक्क्याला टेकले आणि बोटाने मागच्या बाजूला दाखवलं. तिथे फडाचे सोंगाडे खांबाला आरसा टांगून दाढी करत होते. साठीच्या पुढचे असतील. अर्ध्या गालाला फेस. मी रेकॉर्डर चालू केला आणि बत्तीस प्रश्नांपैकी पहिला टाकला, "आपल्या बतावणीतील विनोदाचं प्रयोजन काय?" त्यांनी आरशातूनच विचारलं, "कुठलं गाव?"

"पुणे."

"वडील काय करत्यात?"

"विमा कंपनीत आहेत." मुलाखत नेमका कोण घेतंय, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. पण मी चौदाव्या प्रश्नाकडे वळलो, कारण मार्गदर्शकांनी त्याला लाल खूण केली होती : "तमाशाकलेच्या ऱ्हासाची कारणं कोणती?"

वस्तरा गालावर थांबला. मग ते राहुटीकडे वळून म्हणाले, "आरं, बघा रं ह्याला! बाप माणूस मेल्यावर पैसं देतो, अन् पोरगं जित्या माणसाला इचारतंय, तू मेलास कशानं!"

अख्खी राहुटी फुटली. ढोलकीवाला सतरंजीवर पडल्या पडल्या हसला आणि त्याने उशाच्या ढोलकीवर एक थापही दिली. चहावाला पोऱ्या तर दोनदा हसला, एकदा लगेच आणि एकदा कळल्यावर. मी कान लाल करून वहीत नोंद केली : 'प्रश्न १४ – उत्तर मिळाले नाही.'

वर्षाच्या शेवटी प्रात्यक्षिक. गण म्हणजे गणपतीचं स्तवन, गवळण म्हणजे मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणींना कृष्ण अडवतो तो प्रसंग आणि बतावणी म्हणजे विनोदी बोलाचाली, एवढं सादर करायचं. वग, म्हणजे त्यानंतरचं नाट्य, लेखी. गवळणींच्या पुढे असणाऱ्या मावशीचं, म्हणजे पुरुषाने करायचं विनोदी काम माझ्याकडे आलं, कारण बाकीचे मिश्या काढायला तयार नव्हते. (मावशीला मिशी चालते, हे मला नंतर कळलं.) एरवी मावशीला फार काही लागत नाही. सदरा-धोतरावर उपरण्याचा पदर डोक्यावरून घेतला, कमरेत एक झोल दिला की मावशी तयार. पण बोलणं लागतं. ते मी सहा पानं लिहून मार्गदर्शकांकडून मंजूर करून घेतलं होतं. तळटिपा होत्या आणि अकरा ठिकाणी कंसात 'हशा' लिहिलेलं होतं.

समोर तीन परीक्षक, तिघांच्या माना खाली, तिघेही लिहिताहेत. लिहिणारा माणूस हसत नाही, हे भरतमुनींनी कुठेतरी नोंदवायला हवं होतं. पहिला 'हशा' आला. मी थांबलो. पंखा फिरत होता. मी आणखी थांबलो. "पुढे चला," सर म्हणाले. दुसऱ्या 'हशा'ला कृष्णाचा सवंगडी पेंद्या झालेल्या माझ्या मित्राने घाबरून स्वतःच हसून टाकलं. तिसऱ्याला मी सगळं विसरलो. संहिता, तळटीप, मथुरेचा बाजार, सगळं.

तेवढ्यात दार ढकलून विभागाचे शिपाईमामा चहाचा ट्रे घेऊन आत आले. आमचा विभागाचा चहा म्हणजे रंगीत गरम पाणी. माझ्या तोंडून निघून गेलं, "अगं बाई, मथुरेला निघालेलं दूध किस्नानं अडवलं म्हणत्यात, ते खरंच की गं! ह्या चहापतुर एक थेंब पोचला न्हाई!"

मामांनी आधी कपांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग ते हसले. असे हसले, की ट्रेमधले कप एकमेकांवर वाजायला लागले, बश्यांत चहा सांडला, डोळ्यांतून पाणी आलं. अतिहसिताची सगळी लक्षणं होती. हात तेवढे कमरेवर नव्हते, कारण हातात ट्रे होता.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी मान वर केली. "हे संहितेत कोणत्या पानावर आहे?"

"नाहीये, सर."

"आणि तुम्ही का हसलात?" हे मामांना.

मामांनी डोळे पुसले, ट्रे टेबलावर ठेवला आणि सरळ उभे राहिले. "न्हाई साहेब. हसलो न्हाई. ठसका लागला."

महिन्याभराने गुणतक्ता बघायला मिळाला. माझ्या नावापुढे शेऱ्याच्या रकान्यात होतं : 'पाठांतर कच्चे. प्रेक्षक प्रतिसाद – नाही. एकास ठसका.'