चष्म्यावर फाटलेलं बिल

लातूरकडच्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘चष्मा लावला की नंबर वाढतच जातो. घ्यायचाच तर निम्म्या नंबरचा घ्या. गाजर, बदाम, त्राटक; तीन महिन्यांत चष्मा सुटतो. आमच्या आजोबांचा ऐंशीव्या वर्षी सुटला!’

पहिलं वाक्य घेऊ, कारण तसं खरंच वाटतं. मोठ्या माणसाचा डोळा पुढून मागं साधारण २४ मिलिमीटर असतो. तो एक मिलिमीटर जास्त लांबला की प्रतिमा डोळ्याच्या आत मागं असलेल्या पडद्याच्या अलीकडंच पडते, लांबचं पुसट दिसतं आणि मायनस अडीच-तीनच्या आसपास नंबर येतो. पोरं वाढीला लागतात त्याच वर्षांत हा डोळाही लांबत जातो. चष्माही तेव्हाच लागतो, मग बिल त्याच्या नावावर फाटतं.

दुसरी गंमत अशी. मायनस दोनच्या पोराला अर्ध्या मीटरपलीकडचं सगळं पुसटच दिसत असतं. फळ्यावरचा ३ की ८, कळत नाही. ते डोळे बारीक करून भागवतं. पापण्यांच्या फटीत कडेचे किरण अडतात, म्हणून जरा साफ दिसतं. चष्म्यातून लिंबाची पानं सुटी सुटी दिसली, की चष्मा काढल्यावरचा तोच जुना धुरळा त्याला नवा वाटतो. डोळा बिघडलेला नसतो, साफ दिसणं काय असतं ते कळलेलं असतं.

निम्मा नंबर? मलेशियात मुद्दाम कमी नंबर देऊन पाहिलं. २००२ साली छापून आलेल्या त्या अभ्यासात अशा मुलांचा नंबर उलट जास्त वाढला. पुढच्या सगळ्याच अभ्यासांत तसं दिसलं नाही, पण वर्गात धूसर बघत बसण्याचा फायदा काय? चार-पाच वर्षांच्या लेकराच्या एकाच डोळ्याला मोठा नंबर असेल तर चालढकल नकोच. मेंदू त्या डोळ्याकडं दुर्लक्ष करायला शिकतो, आणि मग उशिरा दिलेल्या चष्म्यानंही नजर पुरती येत नाही.

गाजरातून अ जीवनसत्त्व मिळतं, ते रातांधळेपणा टाळायला लागतं. पण गाजरानं वा त्राटकानं लांबलेला डोळा आखूड होत नाही, की सिलिंडर नंबरवाल्याच्या डोळ्याची वेडीवाकडी गोलाई सरळ होत नाही. चष्मा खरंच सोडायचा तर अठरा वर्षांनंतर, नंबर स्थिर झाल्यावर लेसरचा विचार होतो. मायनस नंबर लागणं लांबवायला रोज दोनेक तास बाहेर उजेडात खेळणं उपयोगी पडतं. क्लासच्या वेळापत्रकात तेवढं बसवा म्हणावं!

राहिले आजोबा. त्यांचा सुटला असेल, खोटं नाही. चाळिशीत डोळ्यातलं भिंग ताठर झालं की जवळचा चष्मा लागतो. म्हातारपणी मोतीबिंदूत त्याच भिंगाचा गाभा घट्ट होऊन नंबर मायनसकडं सरकतो आणि पोथी बिनचष्म्याची वाचता येते. त्यांना लांबून येणाऱ्या एसटीची पाटी वाचून दाखवायला सांगा, आणि मोतीबिंदू तपासून घ्या.