काळा सिंगल ठेवा

परवा एका माणसाने मला तिसरीतल्या मुलीसारखं कागदाची घडी घालून पानं मोजायला लावली, तीही चारचौघांत. मी मोजली. याचा राग अजून गेलेला नाही.

पुस्तिका ओळखीतल्यांची होती, म्हणजे फुकट. ए-फाइव्ह आकार, कव्हर धरून चौदा पानं. स्क्रीनवर ती इतकी देखणी दिसत होती की दोन रात्री मी नुसती झूम करून बघत बसले होते. मग पीडीएफ पेनड्राइव्हवर टाकली आणि प्रेसमध्ये गेले. ऑपरेटरने ती उघडली, माउसचं चाक दोनदा फिरवलं आणि म्हणाला, "होत नाही."

का होत नाही हे सांगायची त्याची पद्धत नाही. ते काम शेजारच्या स्टुलावरचे काका करतात.

"ताई, ब्लीड सोडलं नाहीये," काका म्हणाले.

मांडीवर कापडी पिशवी, चष्मा कपाळावर. मला वाटलं मालक असतील, म्हणून मी नम्रपणे ऐकून घेतलं. ते मालक नव्हते. नोकरही नव्हते. त्यांची बिलबुकं ०५०१ पासून छापायची होती, ती ०००१ पासून छापली गेली. आता नवी छपाई आपल्या डोळ्यांदेखत व्हावी म्हणून ते गेले अकरा दिवस तिथे येऊन बसत होते. रिकामा माणूस अकरा दिवसांत किती शिकतो, हे सांगूनही पटायचं नाही.

त्यांनी पिशवीतून चुकलेलं बिलबुक काढलं, टेबलावर आडवं ठेवलं आणि उजवा हात ताठ करून त्यावर धरला. "हा गठ्ठा. हे पातं. पातं खाली येताना कागद जरासा सरकतो. सरकणारच, माणूस नाही का सरकत? म्हणून रंग कापायच्या रेषेच्या पलीकडे ३ मिमी न्यायचा. तुमचा रंग रेषेवर येऊन थांबलाय. मग कडेला पांढरी रेघ दिसणार. शर्टाखालून बनियन दिसतं ना, तशी."

बनियनची उपमा मी विसरू शकलेले नाही. आता कुठलंही छापील पान पाहिलं की आधी बनियन शोधते.

म्हणजे १४८ बाय २१० चं पान १५४ बाय २१६ करायचं. १९२२ साली जर्मनीत ज्यांनी ही कागदाची मापं ठरवली, त्यांनी किती विचार केला होता! ए-झीरो बरोबर एक चौरस मीटर, आणि कुठलाही कागद मधोमध दुमडला तरी लांबी-रुंदीचं प्रमाण तेच. एवढ्या शहाण्या मापाला शेवटी सगळीकडून ३ मिमीचं ठिगळ लावावंच लागतं, कारण पात्याचा भरवसा नाही. घरी येऊन मी चौदाही पानांना ठिगळं लावली. नुसता रंग ताणून भागत नाही. मजकूर आत ढकलावा लागतो, नाहीतर पात्याच्या तोंडी पान क्रमांक जातो.

दुसऱ्या दिवशी, "होत नाही."

मी काकांकडे पाहिलं. ही माझी चूक झाली. ऑपरेटरकडे बघायला हवं होतं. काकांना आपली नेमणूक पक्की झाल्यासारखं वाटलं.

"बाइंडिंग कुठलं? सेंटर पिन ना? पानं किती?"

"चौदा."

काकांनी रद्दीतला एक कोरा कागद उचलला आणि माझ्या हातात दिला. "घाला घडी मधोमध. आता मोजा."

"एक, दोन, तीन, चार."

"दोन कागद घेतले तर?"

"आठ."

"मग चौदा कसे येतील?"

ऑपरेटर हसला. पावतीसाठी उभा असलेला कुरियरवाला मुलगाही हसला. त्याचा तर या विषयाशी काडीचा संबंध नव्हता.

"दोन काढा, नाहीतर दोन घाला," काकांनी निकाल दिला. मी दोन घातली. मागे 'टिपणे' असं लिहिलेली कोरी पानं जगात इतकी का असतात, हे मला त्या दिवशी कळलं. त्यांवर कुणी काही टिपत नाही. कुणाचा तरी हिशेब चाराच्या पटीत बसलेला नसतो.

तिसऱ्या खेपेला कव्हरवरचा फोटो अडला. तो मला फोनवरून आला होता आणि वाटेत आकसून १२८० पिक्सेल रुंद उरला होता. काकांनी बिल क्रमांक ००४३ च्या पाठीवर भागाकार मांडला. इंचाला ३०० पिक्सेल हवेत (प्रेसच्या भाषेत ३०० डीपीआय), १२८० भागिले ३००, म्हणजे सव्वाचार इंच. "कव्हर केवढं?" "सहा." "मग?" या 'मग?'मध्ये ते जो पॉज घेतात, त्यासाठी त्यांना शिक्षा असायला हवी. फोटो मूळ आकारात मागवला. त्याच खेपेला माझं निळं नापास झालं. स्क्रीन उजेडाने रंग दाखवते, छपाई शाईने. उजेडाला जमणारं ते झगझगीत निळं चार शायांना जमत नाही. स्क्रीनच्या आरजीबीचं छपाईच्या चार शायांचं सीएमवायके केलं की ते जांभळ्याकडे झुकतं. दोन रात्री मी ज्याच्याकडे बघत बसले होते, त्या निळ्याला कागदावर अस्तित्वच नव्हतं.

आता जरा गंभीरपणे बोलते. ब्लीड, चाराची पट, ३०० डीपीआय, सीएमवायके हे नियम नवीन नाहीत, गुप्तही नाहीत. येणाऱ्या प्रत्येकाला तेच लागतात. मग पहिल्या दिवशी एकदम का सांगत नाहीत? एका खेपेला एकच चूक काढायची, बाकीच्या पुढच्या खेपेसाठी राखून ठेवायच्या, ही कुठली रीत? सगळं मिळून एक पान होईल. ते छापून भिंतीवर लावायचं, एवढंच. आणि ती प्रेस आहे हो! मशीन घरचं, कागद घरचा, शाई घरची. पण भिंतीवर काय आहे? 'उधारी बंद'.

चौथ्यांदा ऑपरेटरने पीडीएफ बाजूला सारली आणि ओपन फाइल, म्हणजे डिझाइनची मूळ फाइल, मागितली. दिली. माझा फाँट त्याच्या मशीनवर नव्हता, त्यामुळे ऱ्हस्व वेलांट्या आपापली अक्षरं सोडून शेजाऱ्यांकडे राहायला गेल्या. "कर्व्ह करून आणा," काका म्हणाले. कर्व्ह केलं की अक्षर हे अक्षर राहत नाही, त्याचं चित्र होतं. ते हलत नाही आणि दुरुस्तही होत नाही. हे मी समजून उमजून केलं.

"आणि काळा सिंगल ठेवा," त्यांनी पुस्ती जोडली. म्हणजे नुसत्या काळ्या शाईचा. मजकुरापुरतं मला पटलं. दर शाईची प्लेट वेगळी असते; बारीक अक्षर चार शायांत छापलं आणि एक प्लेट केसभर जरी सरकली, तरी अक्षराला रंगीत सावल्या फुटतात. पण कव्हरवरचं माझं शीर्षक ५४ पॉइंटचं, ठसठशीत. एवढ्या मोठ्या अक्षरात नुसती काळी शाई फिकी, करडी दिसते. म्हणून मी तिच्याखाली ६० टक्के सायन, ४० मजेंटा आणि ४० यलो दिला होता.

"सिंगल ठेवा," काका पुन्हा म्हणाले.

"काका, याला रिच ब्लॅक म्हणतात. हे मला माहीत आहे."

चार खेपांत मला माहीत असलेली ही एकुलती एक गोष्ट. ती मी कशी सोडेन?

प्रूफ निघालं. सुरेख होतं. मी सही केली. प्लेटा निघाल्या. मग काकांनी ते प्रूफ हातात घेतलं, चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि हात लांब करून बराच वेळ पाहिलं.

"ताई, मार्गदर्शिकेला हल्ली रफार नसतो का?"

५४ पॉइंटमध्ये, रिच ब्लॅकमध्ये, 'मार्गदशिका'.

"तुम्हाला आत्ता दिसलं?"

"छे, पहिल्याच दिवशी दिसलं. मला वाटलं, डिझाइन असेल."

मी ऑपरेटरकडे वळले. आवाज शक्य तितका सहज ठेवून विचारलं, "फक्त काळीच प्लेट बदलावी लागेल ना?"

त्याने फाइल उघडली, शीर्षकावर क्लिक केलं आणि आकडे वाचले. काका स्टूल पुढे ओढून स्क्रीनमध्ये वाकले.

"चारही," ऑपरेटर म्हणाला.

काका काही बोलले नाहीत. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच.