३२ बिटांचा डॅक आणि पायऱ्यांचे चित्र

जळगाव-धुळ्याकडच्या गाणी ऐकणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांत सध्या एक संदेश फिरतो आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: सीडीच्या दर्जाचा डिजिटल आवाज पायऱ्यापायऱ्यांचा असल्यामुळे कानाला टोचतो, ३२ बिट आणि ३८४ किलोहर्ट्झचा डॅक घेतला की त्या पायऱ्या मिटतात, आणि महागड्या डॅकमधला फरक कोणालाही पहिल्या मिनिटातच कळतो. डॅक म्हणजे संगणकातल्या आकड्यांचे विद्युतलहरीत रूपांतर करणारे यंत्र. या संदेशावर विसंबून माझ्या ओळखीच्या दोघांनी स्पीकरपेक्षा जास्त पैसे डॅकवर घातले, म्हणून हे लिहीत आहे.

संदेशासोबत येणारे पायऱ्यांचे चित्र कागदापुरतेच खरे आहे. फाइलमध्ये पायऱ्या नसतात, ठिपके असतात, आणि डॅकमधून बाहेर पडणारी लहर फिल्टरमुळे सलग असते. रांगोळीच्या ठिपक्यांतून दहा नक्ष्या काढता येतात, पण इथे तसे होत नाही: मूळ आवाजातली सर्वांत उंच कंप्रता सॅम्पलिंगच्या, म्हणजे दर सेकंदाला घेतलेल्या ठिपक्यांच्या, निम्म्याहून कमी असेल, तर त्या मर्यादेत सर्व ठिपक्यांतून जाणारी लहर एकच असते. सीडीचे सॅम्पलिंग ४४.१ किलोहर्ट्झ, म्हणजे निम्मे २२.०५, आणि माणसाचा कान फार तर २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो. चाळिशी ओलांडलेल्यांनी तर तिथपर्यंतचीही आशा धरू नये.

बिटांचा, म्हणजे प्रत्येक ठिपक्याची उंची किती बारकाईने नोंदवली याचा, हिशेबही असाच आहे. सर्वांत मोठा आणि सर्वांत बारीक आवाज यांच्यातले अंतर एका बिटामागे साधारण ६ डेसिबल धरले, तर १६ बिटांचे ९६ आणि ३२ बिटांचे १९२ होतात. परंतु उष्णतेमुळे विद्युतमंडलात निर्माण होणारा सूक्ष्म खरखराट टाळता येत नसल्याने उत्तमातला उत्तम डॅकही १२०-१३० डेसिबलच्या आसपास थांबतो, मग खोक्यावर ३२ छापलेले असो वा आणखी काही. शांत खोलीत ३० डेसिबल आवाज असतोच; त्यावर ९६ चढवले तर आपण कान दुखण्याच्या पातळीला पोहोचतो. आणि आपल्याकडे मे महिन्यात, पारा ४५ अंशांवर असताना, कुलर बंद करून गाणी ऐकणारा मला अजून भेटायचा आहे. ध्वनिमुद्रण करताना २४ बिटांचा उपयोग होतो हे खरे, कारण तिथे पातळी चुकली तरी सावरायला जागा राहते. ऐकणाऱ्याला ती जागा लागत नाही.

तिसरा दावा मात्र सरसकट खोटा म्हणता येत नाही, कारण फरक खरोखरच ऐकू येतो. मीही ऐकला होता. माझ्याकडच्या दोन डॅकपैकी महागडा ऐकताच गायिका जणू दोन पावले पुढे आली. मग १०० हर्ट्झचा सूर लावून मल्टिमीटरने दोन्हींचा व्होल्टेज मोजला, तर एकाचा २ व्होल्ट आणि दुसऱ्याचा १, म्हणजे चक्क ६ डेसिबलचा फरक! संगणकावरून पातळी सारखी केली, भाच्याला पडद्यामागे तारा बदलायला बसवले आणि वीस वेळा अंदाज केला; त्यातले नऊ बरोबर आले. माझे कान हा काही पुरावा नव्हे, परंतु २००७ साली मेयर आणि मोरान यांनी ‘जर्नल ऑफ द ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटी’त प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांतही उच्च दर्जाचा ध्वनी सीडीच्या दर्जावर आणल्याचे ५५४ पैकी २७६ वेळाच ओळखले गेले, म्हणजे नाणे उडवल्यासारखेच.

मग डॅक घेताना पाहायचे काय? आपल्या ॲम्प्लिफायरला पुरेल इतका, साधारण २ व्होल्ट, आउटपुट आहे का, आणि टीव्ही-संगणकासाठी योग्य इनपुट आहेत का, एवढे पुरते. त्यातही ऑप्टिकल इनपुट सोडू नये. माझ्या संचात लॅपटॉपचा चार्जर लावला की स्पीकरमधून ५० हर्ट्झची घुरघुर सुरू व्हायची आणि चार्जर काढला की थांबायची. अर्थिंगच्या दोन वाटा जुळून ती होत होती. महागड्या डॅकनेही ती गेली नाही. संगणकापासून डॅकपर्यंत ऑप्टिकल केबल टाकली, जिच्यातून वीज नव्हे, प्रकाश जातो, तेव्हा ती त्याच क्षणी थांबली. त्या केबलला तीनशे रुपये पडले.