पी-००१० म्हणजे सोलेनॉइड गेला, हे ठरवलं कोणी?

चेक इंजिनचा दिवा लागतो, कोणीतरी स्कॅनर लावतो, पडद्यावर पी-००१० हा बिघाडाचा कोड येतो. त्यावर एक तयार सल्ला सगळीकडे फिरत असतो. थोडक्यात तो असा: "पी-००१० म्हणजे व्हीव्हीटी सोलेनॉइड खराब. घाण ऑईलमुळे होतं. ऑईल बदला, सोलेनॉइड नवा टाका, जमलं तर कॅम सेन्सरही बदलून घ्या. खात्री हवी असेल तर मल्टिमीटरने ओहम बघा. मग दहा मिनिटं बॅटरी काढून ठेवा. दिवा परत लागला नाही तर काम झालं, लागला तर ईसीएम गेला."

एवढ्याशा मजकुरात इतकं चुकीचं भरलेलं क्वचितच सापडतं. आधी दोन नावं: कॅम, म्हणजे कॅमशाफ्ट, हा इंजिनचे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, आणि व्हीव्हीटी सोलेनॉइड ही ऑईलच्या दाबाने तो पुढे-मागे फिरवणारी विजेची झडप. ईसीएम म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर. आता एकेक घेऊ.

"पी-००१० म्हणजे सोलेनॉइड खराब." कोडचं पूर्ण नाव एकदा नीट वाचा: कॅमशाफ्ट पोझिशन अ‍ॅक्च्युएटर सर्किट, 'ए', बँक १. 'ए' म्हणजे इनटेकचा, हवा आत घेणाऱ्या व्हॉल्व्हचा कॅम ('बी' एक्झॉस्टचा, धूर बाहेर सोडणाऱ्या व्हॉल्व्हचा, त्याचा कोड पी-००१३). बँक १ म्हणजे पहिला सिलिंडर ज्या बाजूला आहे ती बाजू. व्ही आकाराच्या इंजिनात हे न बघता भलत्याच बाजूचा सोलेनॉइड बदलणारे कमी नाहीत. पण खरा मुद्दा 'सर्किट' या शब्दात आहे. या सर्किटमध्ये फ्यूज आहे, रिले आहे, वायरी आहेत, दोन्ही टोकांचे कनेक्टर आहेत, सोलेनॉइडची कॉइल आहे आणि ईसीएमच्या आत तिला चालू-बंद करणारा ड्रायव्हर आहे. कॉइल हा त्यातला फक्त एक घटक.

ईसीएमला सोलेनॉइड दिसत नाही, त्याला दिसते फक्त स्वतःची पिन. बऱ्याच गाड्यांत सोलेनॉइडच्या एका वायरीला रिलेकडून १२ व्होल्ट कायम मिळतात आणि दुसरी वायर ईसीएम झपाट्याने अर्थिंगला जोडतो-सोडतो. ड्रायव्हर बंद असताना कॉइलमधून आलेला बॅटरीचा व्होल्टेज त्या पिनवर दिसायला हवा, चालू केल्यावर तो जवळपास शून्यावर यायला हवा. असं झालं नाही की कोड पडतो. आता कॉइल जळली, फ्यूज उडाला, उंदराने वायर कुरतडली किंवा कनेक्टर अर्धवट बसला, या चारही वेळी त्या पिनवर दिसणारं चित्र सारखंच. कोणता भाग गेला हे ईसीएमलाच माहीत नसतं, मग कोडवरून ते आपल्याला कुठून कळणार?

स्कॅनर हातात असतानाच आणखी एक बघून घ्यायचं. पी-००१० एकटा आलाय की सोबतीला पी-००१३ किंवा आणखी कुठल्या सोलेनॉइडचा सर्किट कोड आहे? दोन-तीन एकदम आले असतील तर सोलेनॉइडला हातही लावू नका. ते सगळे एकाच फ्यूजवर आहेत का, हे वायरिंगच्या नकाशात शोधा.

"घाण ऑईलमुळे होतं." इथे दोन वेगळे आजार एकाच औषधाच्या बाटलीत घातलेत. ऑईल काळं झालं, पातळी खाली गेली, जाळीत कचरा अडकला, तर कॅम वेळेवर फिरत नाही आणि पी-००११ किंवा पी-००१२ येतो. कॅम गरजेपेक्षा पुढे गेला किंवा मागे राहिला, असं ते कोड सांगतात. तो हायड्रॉलिकचा प्रश्न. पी-००१० विजेचा आहे, आणि ऑईल कितीही काळं असलं तरी तांब्याच्या कॉइलचा ओहम (म्हणजे विजेचा रोध) त्याने बदलत नाही. एक अपवाद मात्र मान्य करायला हवा. काही सोलेनॉइडचं आतलं सील गळतं आणि ऑईल थेट कनेक्टरमध्ये शिरतं. कधी ते वायरीच्या तारांतून, वातीत तेल चढावं तसं, पुढे सरकत जातं. कनेक्टर काढल्यावर पिना तेलकट दिसल्या तर ऑईल दोषी आहे, पण ते बदलून काही होणार नाही. सोलेनॉइड बदला आणि कनेक्टर स्वच्छ करा.

"कॅम सेन्सरही बदलून घ्या." कशासाठी? सेन्सर कॅम कुठे आहे ते सांगतो, सोलेनॉइड कॅमला हलवतो. सेन्सरच्या सर्किटचा कोड वेगळा आहे, पी-०३४०. नावात दोन्हीकडे कॅमशाफ्ट आहे म्हणून भाग एक होत नाही.

"मल्टिमीटरने ओहम बघा." या ओळीवर जरा थांबतो, कारण सल्ल्यातला हाच भाग सर्वांत शहाणपणाचा वाटतो आणि बहुतेकजण इथेच फसतात. कॉइलचा ओहम बघणं चूक नाही. अनेक गाड्यांत तो थंड असताना सात-आठच्या आसपास असतो, नेमका आकडा त्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्यावा. पण गरम इंजिनावर मोजून थंडीच्या आकड्याशी ताडू नका. तांब्याचा रोध दर अंशाला साधारण ०.३९ टक्के वाढतो, म्हणजे २० अंशांना ७.५ ओहम असलेली चांगली कॉइल १०० अंशांना जवळपास १० ओहम दाखवते. ती बिघडलेली नाही, तापलेली आहे.

त्याहून मोठी चूक वायरींच्या बाबतीत होते. कनेक्टर काढून पिनवर १२ व्होल्ट दिसले की "सप्लाय ओके" म्हणून पुढे जातात. डिजिटल मीटरचा आतला रोध साधारण १० मेगाओहम असतो, तो एक-सव्वा मायक्रोअँपियरच काय तो ओढतो. वायरीत एक तार शिल्लक असली किंवा पिनवर हिरवट गंज असला, तरी इतका करंट आरामात जातो आणि मीटर खुशाल १२ दाखवतो. सोलेनॉइडला मात्र दीड-पावणेदोन अँपियर लागतात. म्हणून तपासणी भार देऊन करायची. इंडिकेटरचा २१ वॅटचा साधा बल्ब १२ व्होल्टवर पावणेदोन अँपियर ओढतो, म्हणजे जवळपास सोलेनॉइडइतकाच. तो सप्लायची पिन आणि बॅटरीची निगेटिव्ह यांच्यामध्ये लावा. लख्ख पेटला तर तेवढी बाजू खरोखर ठीक. मिणमिणला तर मीटर काहीही म्हणो, वायर खराब आहे. हा बल्ब ईसीएमकडे जाणाऱ्या पिनला मात्र लावू नका. थंड फिलामेंट पहिल्या क्षणी कितीतरी पट करंट ओढतो आणि तो ड्रायव्हरला सोसेलच असं नाही.

माझ्याकडे एकदा एक गाडी आली होती, सोलेनॉइड दोनदा बदललेला, कोड तिसऱ्यांदा हजर. वायरी उत्तम, फ्यूज उत्तम. शेवटी दोष सापडला तो कनेक्टरच्या मादी पिनेत. आधी तपासणाऱ्यांनी मीटरची जाड टोकं तिच्यात खुपसून ती फाकवली होती, सोलेनॉइडची पिन तिला नीट टेकतच नव्हती. तपासण्यानेच बिघाड केला! तेव्हापासून मी पाठच्या बाजूने बारीक सुई सरकवून मोजतो.

सोलेनॉइड कधी जातच नाही असं माझं म्हणणं नाही. जातो, आणि इनटेक-एक्झॉस्टला एकाच पार्ट नंबरचे सोलेनॉइड असतील तर ते फुकटात कळतं. दोघांची अदलाबदल करा. पी-००१० जाऊन पी-००१३ आला तर दोष सोलेनॉइडबरोबर सरकला, खुशाल नवा घ्या. पी-००१० जागचा हलला नाही तर दोष वायरिंगच्या बाजूला.

"दहा मिनिटं बॅटरी काढून ठेवा." कोड पडला त्या क्षणाची नोंद ईसीएमने ठेवलेली असते: इंजिन किती तापलं होतं, किती आरपीएम, गाडीचा वेग किती. अधूनमधून येणाऱ्या दोषात यापेक्षा चांगला धागा मिळत नाही, आणि बॅटरी काढून आपण तोच पुसून टाकतो. वर आयडलचं शिकलेलं सेटिंगही अनेक गाड्यांत जातं. वायर पूर्ण तुटलेली असेल तर कोड लगेच परत येतो. पण सैल पिनेचा दोष खड्डे लागेपर्यंत किंवा इंजिन तापेपर्यंत लपून बसतो, आणि मधल्या चार दिवसांत "काम झालं" असं वाटत राहतं. त्यापेक्षा आधी नोंद लिहून घ्या, मग इंजिन चालू ठेवून पंखा-बेल्टपासून हात लांब ठेवत वायरिंग हलवून बघा.

"दिवा लागला तर ईसीएम गेला." फार क्वचित. सप्लाय भारासकट तपासला, सोलेनॉइडपासून ईसीएमपर्यंतची वायर तपासली, ईसीएमची स्वतःची अर्थिंग तपासली, आणि तरी पिनवर हालचाल नाही, तेव्हा कुठे त्याच्यावर संशय घ्यायचा. त्यातही ड्रायव्हर जळाला असेल तर तो बहुधा कोणीतरी जाळलेला असतो. कॉइल आतून शॉर्ट झाली की रोध कमी होतो, करंट वाढतो आणि भार ड्रायव्हरवर येतो. काही ईसीएम अशा वेळी स्वतःच ते आउटपुट बंद करून वाचतात, सगळे वाचत नाहीत. जुन्या कॉइलचा ओहम न मोजता नवा ईसीएम जोडला तर त्याचाही ड्रायव्हर त्याच वाटेने जाऊ शकतो.