हिप रिप्लेसमेंटनंतर मांडी दुखते म्हणून अँटिबायोटिक? काहीही!

मावशीने एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली विचारलं, "हे खरंय का रे? मग चालणं बंद करू का?" तिचा खुबा बदललाय, सांधा मस्त चालतो, पण मांडीच्या मधोमध समोरून दुखतं आणि ते काही जात नाहीये. मेसेज म्हणतो, ऑपरेशननंतर मांडी दुखत राहिली म्हणजे शरीराने धातू नाकारला, तर चालणं थांबवा, मांडी जोरात रगडून घ्या, पाच दिवस अँटिबायोटिक घ्या आणि डॉक्टरकडे मुळीच जाऊ नका, ते परत कापतील. लिहिणाऱ्याचा आत्मविश्वास बघा.

"धातू नाकारला" हे आधी घेऊ. दुसऱ्याची किडनी शरीर नाकारतं तसं मांडीच्या हाडात बसवलेल्या टायटॅनियमच्या दांड्याचं होत नाही, उलट सिमेंट न लावलेल्या दांड्यावर हाड वाढून तो घट्ट धरावा म्हणूनच त्याचा पृष्ठभाग खडबडीत ठेवतात. हो, धातूवर धातू घासणाऱ्या काही सांध्यांनी त्रास दिला, डीप्यू कंपनीचा एएसआर नावाचा सांधा 2010 मध्ये जगभरातून परत मागवला गेला, तेवढं मान्य. पण म्हणून प्रत्येक दुखणाऱ्या मांडीला तेच लेबल?

एक गोष्ट मात्र नाइलाजाने कबूल करतो. मेसेजमध्ये "धातू कडक, हाड मऊ म्हणून दुखतं" असं एक वाक्य आहे, ते अर्धं खरंय. टायटॅनियमचा मिश्रधातू हाडापेक्षा साधारण पाचेक पट ताठ असतो, कोबाल्ट-क्रोम दहा पटींहून जास्त, त्यामुळे चालताना हाड किंचित वाकतं, दांडा वाकत नाही आणि त्याच्या टोकाशी हाडावर ताण येतो. मावशी तळहात ठेवून दाखवते ती जागा नेमकी तिथलीच. असं दुखणं बऱ्याच जणांचं वर्ष-दोन वर्षांत कमी होतं. पण दांडा सैल झाला, हाडाला बारीक चीर गेली, कंबरेतली नस दबली तरी मांडीच दुखते, मग घरबसल्या कसं ठरवणार? खुर्चीतून उठल्यावर पहिली काही पावलं कळ येते आणि मग कमी होते, असं असेल तर दांडा सैल आहे का ते बघावंच लागतं.

आता अँटिबायोटिक. हा मुद्दा वाचून खरंच डोकं फिरलं. सांध्यात इन्फेक्शन असेल तर जंतू धातूवर चिकट थर करून बसतात, गोळ्यांनी ते मरत नाहीत, फक्त दबतात. ताप उतरतो, दुखणं जरा कमी होतं, माणूस खूश. मग कधीतरी सुईने सांध्यातलं पाणी काढून लॅबला देतात तेव्हा कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून बघायच्या तपासणीत, काहीच उगवत नाही, कारण गोळ्यांनी जंतू अर्धमेले केलेले असतात, आणि कुठला जंतू आहे हेच कळलं नाही तर औषध कुठलं देणार? म्हणून तर तब्येत स्थिर असेल तर हे पाणी काढायच्या आधी निदान दोन आठवडे अँटिबायोटिक बंद ठेवायला सांगतात. काही जंतू इतके हळू वाढतात की कल्चर 14 दिवस ठेवावं लागतं. आणि हे महाशय सांगतात आधीच कोर्स करून टाका! रात्री झोपेतही दुखत असेल, ताप असेल, जखमेतून पाणी येत असेल तर त्याच दिवशी सर्जनला गाठा. ईएसआर, सीआरपी या रक्ताच्या तपासण्या आणि एक्स-रे यापासून सुरुवात होते, थेट सुरीपासून नाही.

रगडणं? ऑपरेशननंतर पायाच्या शिरेत गुठळी होऊ शकते, पोटरी सुजलेली, गरम लागत असेल तर हातही लावू नका, लगेच दाखवा.

मेसेजच्या शेवटी "तुमच्या डॉक्टरने ऑपरेशन बिघडवलं" असंही आहे. बीएमजे ओपन या वैद्यकीय नियतकालिकात 2012 साली बेस्विक आणि सहकाऱ्यांनी आधीच्या अभ्यासांचा आढावा घेतला, त्यात खुबा बदललेल्या 7 ते 23 टक्के लोकांना नंतरही बराच काळ दुखत होतं. हे फक्त मांडीचं नाही, एकूण दुखण्याचं आहे, पण इतक्या सगळ्यांचं ऑपरेशन बिघडलेलं नसतं.

चालणंही सर्जन सांगत नाही तोवर बंद करू नका, अंतर कमी करा, आणि काठी दुखऱ्या बाजूला नाही, विरुद्ध हातात धरा. तपासणीला जाताना ऑपरेशननंतरचा अगदी पहिला एक्स-रे शोधून न्या, दांडा जागेवरून हलला का ते आजच्या फिल्मशी तो ताडून बघितल्यावरच कळतं.