‘घरी कसला कॅबिनेट सॉ?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. कॅबिनेट टेबल सॉवरच्या (टेबलातून वर येणाऱ्या गोल ब्लेडवर लाकूड सरकवून कापायचं, बंद पेटीवर बसवलेलं जड मशीन) लेखाखालची तुमची प्रतिक्रिया वाचली. कडक आहे पण मुद्द्याची आहे, त्यामुळे ‘धन्यवाद’ लिहून मोकळं होण्यापेक्षा सविस्तरच उत्तर देतो. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: हौशी सुतारकामाला कॅबिनेट सॉ ही निव्वळ उधळपट्टी, ट्रॅक सॉवर (रुळावर सरकवत कापायचा हातातला गोल सॉ) सगळं भागतं. अलाइनमेंटवर (ब्लेड आणि टेबल एकमेकांशी समांतर लावणं) मी जे एवढं खरडलंय ते पाल्हाळ, मशीन फॅक्टरीतून सेट होऊनच येतं. आणि गार्ड (ब्लेडवरचं झाकण), रायविंग नाइफ (ब्लेडमागची उभी पट्टी) हे नवशिक्यांचे लाड, हात बसलेला माणूस ते पहिल्याच दिवशी काढून ठेवतो. शेवटी तुम्ही हळूच एक प्रश्नही विचारलाय, तो शेवटीच घेतो.

आधी ट्रॅक सॉ, कारण तिथे आपलं भांडण नाहीच. आठ बाय चारचा अख्खा प्लाय एकट्याने टेबल सॉवर चढवायला मीसुद्धा जात नाही. तो जमिनीवर जाड फोम टाकून ट्रॅक सॉनेच तोडायचा आणि मग हाताळता येतील असे तुकडे टेबल सॉवर घ्यायचे. पण पुढे काय? एकाच रुंदीच्या वीस पट्ट्या काढायच्या असतील तर ट्रॅक सॉवर प्रत्येक वेळी दोन्ही टोकांना माप घ्या, ट्रॅक बसवा, कापा, परत माप घ्या. आणि पट्टी वीस-पंचवीस मिमीची असली की ट्रॅकला खाली आधारच उरत नाही, तो डुगडुगतो. टेबल सॉवर फेन्स (लाकूड टेकवून सरकवायची सरळ कड) एकदा लॉक केला की पहिली पट्टी आणि विसावी पट्टी सारखीच. ड्रॉवर, चौकटी, दारं करणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. फक्त प्लायची कपाटं करणाऱ्याने खुशाल ट्रॅक सॉच घ्यावा, मी नाही म्हणणार नाही.

आता उधळपट्टी. तुम्ही गृहीत धरलंय की जास्तीचे पैसे ताकदीचे, म्हणजे ३ एचपीचे आहेत. मोटर मोठी असते हे खरंच, आणि ती इंडक्शन मोटर असल्यामुळे हलक्या जॉबसाइट सॉसारखी किंचाळत नाही, हाही फायदा. पण नुसती ताकदच हवी असेल तर २४ दातांचं थिन कर्फ रिप ब्लेड (पातळ चिरेचं, लाकूड लांबीत चिरणारं) लावून लहान मोटरकडूनही बरंच काम काढता येतं. साधारण ३.२ मिमीऐवजी २.४ मिमीची चीर, म्हणजे पाऊण लाकूडच खायचं. तुम्ही पैसे देता ते मोटर आणि आर्बरचं (ब्लेड ज्यावर बसतं तो दांडा) सगळं ओझं कशावर टांगलंय त्यासाठी.

साध्या कॉन्ट्रॅक्टर सॉमध्ये ट्रनियन (ज्यावर ब्लेड वरखाली होतं आणि कलतं तो सांगाडा) टेबलाच्या खालच्या अंगाला बोल्ट केलेला असतो. ब्लेड माइटर स्लॉटला (टेबलातली खाच, जिच्यात माइटर गेज म्हणजे कोनात कापायचा आधार सरकतो) समांतर आणायचं तर मशीनखाली वाकून, न दिसणारे बोल्ट ढिले करून तो अख्खा सांगाडा केसभर सरकवायचा आणि मग आवळताना तो परत हलणार. कॅबिनेट सॉमध्ये ट्रनियन खालच्या पेटीला जोडलेला असतो आणि वरचं ओतीव लोखंडाचं टेबल पेटीवर वेगळं बसतं. तिथे टेबलाचे चारपैकी तीन बोल्ट ढिले करायचे, चौथा खिळीसारखा ठेवायचा, आणि लाकडी हातोडीने टेबलालाच टकटक करत सरकवायचं, बस. आणि दीडदोनशे किलोच्या वर वजन असल्यामुळे एकदा बसवलेलं बसून राहतं. म्हणून म्हणतो, सेटअप हे कॅबिनेट सॉच्या डोक्यावर बसलेलं कटकटीचं काम नाही, आपण पैसे मोजतो तेच त्याचे, की ते नीट करता यावं आणि टिकावं.

तर मग ‘फॅक्टरीतून सेट होऊन येतं’. येत असेलही. पण ते पॅलेटवर, ट्रकमधून, क्रेनने उतरून, चौघांनी टेबलाच्या कडा धरून ढकलत आलेलं असतं. (टेबल धरून ढकलू नका हो, पेटी धरा. विंग्जना, म्हणजे टेबलाच्या बाजूच्या जोडांना, तर हातच नको.) तपासायला अर्धा तास लागतो. प्लग काढा, ब्लेड पूर्ण वर घ्या, एका दातावर मार्करने खूण करा, माइटर स्लॉटच्या पट्टीवर डायल गेज (सूक्ष्म फरक दाखवणारं तबकडीचं माप) बसवून तो दात पुढे असताना रीडिंग घ्या, मग ब्लेड हाताने फिरवून तोच दात मागे आणा आणि गेज सरकवून परत रीडिंग घ्या. तोच दात का, तर प्रत्येक दाताची धार थोडी कमीजास्त असते आणि ब्लेडलाही किंचित डुलकी असते, वेगळे दात मोजले तर तुम्ही टेबल नाही, ब्लेड मोजत बसता. दोन रीडिंगमध्ये ०.१ मिमीच्या आत फरक हवा, ०.०५ मिळाला तर सोडून द्या, पुढे जा. डायल गेज नसेल तर माइटर गेजला लाकडी काठी क्लॅम्प करून तिच्या टोकाचा स्क्रू दाताला जेमतेम घासेल असा लावा, पुढे आणि मागे घासण्याचा आवाज सारखा आला पाहिजे, जुने लोक असंच करायचे.

बहुतेक लोक इथे थांबतात. पण ब्लेड ४५ अंशांना कलवून तेच परत मोजा. ९० ला बरोबर आणि ४५ ला चूक असेल तर टेबल पुढेमागे किंचित उतरतंय, मग पेटी आणि टेबलाच्या मध्ये पातळ पत्र्याची शिम सरकवावी लागते, पुढे की मागे ते करून बघितल्यावरच कळतं, आणि शिम घातली की ९० चं परत तपासायचं. कंटाळवाणं आहे. पण बेव्हल कापताना कड जळते म्हणून ब्लेडला शिव्या देणारे अनेक जण इथेच अडकलेले असतात.

फेन्स शेवटी, आणि तोही ब्लेडला नाही, स्लॉटला लावायचा. समांतर, किंवा मागच्या बाजूला कणभर उघडा. मागे आत वळलेला मात्र कधीच नको, आणि इथून आपण तुमच्या तिसऱ्या मुद्द्यावर येतो, जो मला खरंच पटलेला नाही.

१० इंची ब्लेड ४००० आरपीएमला फिरतं तेव्हा दाताचा वेग सेकंदाला ५३ मीटर भरतो, म्हणजे ताशी १९० किमीच्या आसपास. ब्लेडच्या पुढच्या बाजूचे दात लाकूड खाली टेबलावर दाबतात, मागच्या बाजूचे वर उचलतात. चिरताना आतला ताण सुटून फळी मिटली, किंवा फेन्सने मागे चिमटली, की ते वर येणारे दात तिला उचलून तुमच्याकडे फेकतात. यात हात किती बसलाय याचा काही संबंध नाही, लाकडात कुठे ताण आहे हे तुम्हाला बाहेरून दिसत नाही. रायविंग नाइफ ब्लेडच्या पाठीला काही मिलिमीटरवर उभी राहून एवढंच करते की फळीला त्या दातांपर्यंत पोचू देत नाही. ‘खाचा मारताना काढावीच लागते’ हे तुमचं म्हणणं जुन्या स्प्लिटरबद्दल (ब्लेडबरोबर वरखाली न होणारी, जागेवरच घट्ट राहणारी पट्टी) खरं होतं. रायविंग नाइफ ब्लेडबरोबर वरखाली होते आणि ब्लेडच्या टोकाच्या जरा खालीच राहते, खाच मारताना फक्त वरचा गार्ड काढायचा. एकच गोष्ट बघायची, नाइफची जाडी ब्लेडच्या पत्र्यापेक्षा जास्त आणि चिरेपेक्षा कमी हवी, त्यामुळे थिन कर्फ ब्लेड आणलं आणि जाड नाइफ तशीच ठेवली तर फळी मध्येच अडकणार, आणि मग लोक नाइफलाच दोष देऊन ती काढून फेकतात.

‘एवढी भीती वाटते तर सॉस्टॉप घ्या’ असंही तुम्ही लिहिलंय. त्या टेबल सॉमध्ये ब्लेडला त्वचा लागली की विजेच्या सिग्नलमधला फरक ओळखून ॲल्युमिनियमचा ठोकळा ब्लेडमध्ये घुसतो आणि ५ मिलिसेकंदांच्या आत ब्लेड थांबतं, ती ठोकळ्याची कार्ट्रिज वाया जाते आणि ब्लेडही बहुधा जातंच, पण बोट वाचतं. उत्तम आहे. पण ते बोटासाठी. पोटात येऊन बसणारी फळी ते अडवत नाही, त्यामुळे सॉस्टॉपवरसुद्धा रायविंग नाइफ असतेच.

आता तुमचा प्रश्न. ज्याला उधळपट्टी म्हणताय तोच सॉ सेकंडहँड मिळतोय, थ्री फेज आहे, घरी सिंगल फेज, घेऊ का! :)

मोटरच्या नेमप्लेटवर दोन व्होल्टेज आहेत का बघा. २३०/४०० असं असेल तर मोटर डेल्टात (वळणं त्रिकोणात) जोडून, सिंगल फेज इनपुटसाठीच बनवलेल्या व्हीएफडीवर (सिंगल फेज घेऊन मोटरला थ्री फेज देणारं उपकरण) चालते. फक्त ४०० किंवा ४१५ असेल तर साधा व्हीएफडी पुरणार नाही, मोटरच बदलायचा हिशोब धरा. व्हीएफडी आणि मोटरच्या मध्ये जुना स्टार्टर ठेवायचा नाही, स्टार्ट-स्टॉपची बटणं व्हीएफडीच्या कंट्रोलला जोडायची, हे इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. वरवरच्या गंजाने घाबरू नका, रॉकेल आणि बारीक स्टील वूलने तो जातो, नंतर मेणाचं पॉलिश मारा, सिलिकॉनवालं नको, ते लाकडाला लागलं की फिनिश धरत नाही. ट्रनियनला तडा असेल तर मात्र परत फिरा. बेल्ट काढून आर्बर हाताने फिरवा, खरखर लागली तर बेअरिंग बदलायची, तो काही मोठा खर्च नाही. ब्लेड वरखाली करायचं चाक जड फिरत असेल तर बहुतेक वेळा गिअरमध्ये भुसा आणि ग्रीसचा लगदा झालेला असतो, त्यावर भाव पाडून मागता येतो.

आणि ब्लेडच्या मागे नाइफ आहे की जुना स्प्लिटर, तेही बघून या. स्प्लिटर असला तरी तो जागेवर आहे ना, की मालकाचाही हात बसलेला होता? नेमप्लेटचा फोटो टाका, मग पुढचं बोलू.