वर्क_मेम १ जीबी करून क्वेरी पळत नाही, सर्व्हर पडतो

‘पोस्टग्रेस संथ चालतंय? क्वेरीला हात न लावता या सेटिंग्ज टाका, दहापट वेग मिळवा!’ असा, पोस्टग्रेस या डेटाबेस सॉफ्टवेअरबद्दलचा एक मेसेज सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. माझ्याकडे आला तेव्हा मी सोडून दिला होता. पण गेल्या आठवड्यात माझ्या भाचीने त्यावर विश्वास ठेवून ऑफिसच्या चालू सर्व्हरवर त्या सेटिंग्ज लावल्या आणि भर कामाच्या वेळेत डेटाबेस पडला. बोलणी तिने खाल्ली. मेसेज लिहिणारा मोकळाच. म्हणून त्या मेसेजमधल्या एकेका वाक्याला हे उत्तर.

‘शेअर्ड_बफर्स रॅमच्या ८० टक्के ठेवा.’ शेअर्ड_बफर्स म्हणजे डेटा हाताशी ठेवायला डेटाबेस स्वतःकडे राखून ठेवतो ती रॅम. हा आकडा मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसचा आहे. तिथे सर्व्हर फक्त डेटाबेससाठी असेल तर त्याच्या इनोडीबी या स्टोरेज इंजिनच्या बफर पूलला रॅमच्या ८० टक्क्यांपर्यंत देतात. पोस्टग्रेसचं तसं नाही. ते ऑपरेटिंग सिस्टिमच्या कॅशेवरही (फाइल्स रॅममध्ये धरून ठेवायची तिची जागा) अवलंबून असतं, त्यामुळे सगळी रॅम बफर्सनीच अडवली तर त्या कॅशेला जागा उरत नाही. पोस्टग्रेसच्या अधिकृत डॉक्युमेंटेशनमध्ये स्वच्छ लिहिलंय: सुरुवात २५ टक्क्यांपासून करा, ४० टक्क्यांच्या वर नेऊन जास्त फायदा होण्याची शक्यता कमी. एवढं मान्य करते की मूळची १२८ एमबी आजच्या सर्व्हरला तोकडी आहे, ती वाढवायलाच हवी.

‘वर्क_मेम १ जीबी करा, सॉर्टिंग रॅममध्येच होईल.’ खरा घात इथे आहे. वर्क_मेम म्हणजे सॉर्टसारख्या कामाला वापरता येणारी रॅम. ही अख्ख्या सर्व्हरची मर्यादा नाही, एका कनेक्शनचीही नाही. क्वेरीतल्या प्रत्येक सॉर्टला आणि प्रत्येक हॅशला (टेबलं जोडताना रॅममध्ये बनणारा तक्ता) ती वेगवेगळी मिळते. आवृत्ती १५ पासून हॅशला तर मूळ सेटिंगमध्येच दुप्पट मुभा आहे. क्वेरी पॅरलल, म्हणजे अनेक प्रोसेसमध्ये वाटून चालली तर प्रत्येक वर्करचा हिशोब आणखी वेगळा.

आता १६ जीबीचा सर्व्हर घ्या. पहिला मुद्दा पाळला तर १२.८ जीबी बफर्सकडे गेली, उरली ३.२. दोन सॉर्ट आणि एक हॅश जॉइन असलेला एकच मोठा रिपोर्ट ४ जीबीपर्यंत मागू शकतो. एकच! महिनाअखेरीला असे रिपोर्ट एकाच वेळी किती जण उघडतात?

रॅम संपली की लिनक्सचा ओओएम (आउट ऑफ मेमरी) किलर एखादी प्रोसेस मारतो. ती पोस्टग्रेसची असली तर गोष्ट त्या एका क्वेरीवर थांबत नाही. शेअर्ड मेमरी बिघडली असेल या शंकेने पोस्टग्रेस बाकीची सगळी कनेक्शन्स तोडतं आणि रिकव्हरी करून परत उभं राहतं. भाचीच्या लॉगमध्ये नेमकी हीच ओळ होती: प्रोसेस ‘सिग्नल ९’ने मारली गेली. तेव्हा नुसती एक पावती सेव्ह करणाऱ्याचंही कनेक्शन तुटलं.

वर्क_मेमच्या या सल्ल्यातला अर्धा भाग खरा आहे, तोही सांगते. एक्सप्लेन अ‍ॅनालाइझमध्ये (क्वेरी कशी चालली ते दाखवणारी कमांड) सॉर्टपुढे ‘एक्स्टर्नल मर्ज, डिस्क’ असं दिसलं, तर वर्क_मेमची मूळची ४ एमबी कमी पडतेय हे नक्की. मग त्या ट्रान्झॅक्शनपुरतं ‘सेट लोकल’ने वर्क_मेम वाढवा किंवा रिपोर्टसाठी वेगळा रोल (डेटाबेस युजर) करून त्यालाच जास्त द्या. सगळ्यांना सरसकट १ जीबी कशाला?

‘इफेक्टिव्ह_कॅशे_साइझ वाढवा, डेटाबेसला तेवढी मेमरी मिळेल.’ एक बाइटही मिळत नाही. क्वेरी कशी चालवायची ते ठरवणाऱ्या प्लॅनरला दिलेला हा निव्वळ अंदाज आहे.

‘मॅक्स_कनेक्शन्स १००० करा.’ वरच्या वर्क_मेमला आता हजाराने गुणा. कनेक्शन्स खरंच कमी पडत असतील तर पीजीबाउन्सरसारखा पूलर लावा, म्हणजे थोडीच कनेक्शन्स सगळे वाटून वापरतील.

‘क्वेरी तपासण्यात वेळ घालवू नका.’ या वाक्याचा मला सर्वात जास्त राग आला. भाचीची संथ क्वेरी मी उघडून पाहिली. व्हेअरमध्ये, म्हणजे क्वेरीच्या अटीत, नोंदीच्या वेळेचा कॉलम डेट फंक्शनमध्ये गुंडाळून एका तारखेशी ताडला होता. त्या कॉलमवर इंडेक्स होता, पण तो नुसत्या कॉलमवर. फंक्शन लावल्यामुळे तो वापरलाच जात नव्हता. प्लॅनमध्ये सरळ सीक्वेन्शियल स्कॅन, खाली ‘Rows Removed by Filter’पुढे, म्हणजे वाचून गाळलेल्या रोंचा, लाखांतला आकडा. एका दिवसाच्या नोंदींसाठी अख्खं टेबल चाळलं जात होतं. टेबल पूर्ण रॅममध्ये बसवलं तरी ते लाखो रो तपासावेच लागणार. अट बदलून ‘त्या तारखेपासून पुढे, दुसऱ्या दिवसाच्या आधी’ अशी लिहिली, इंडेक्स लागला आणि क्वेरी क्षणात आली. मेमरीची एकही सेटिंग बदलावी लागली नाही.

ज्यांनी हे आधीच लावलं असेल त्यांनी वर्क_मेम आजच खाली आणा. ‘ऑल्टर सिस्टिम’ने बदललं असेल तर त्यानेच रिसेट करा, कॉन्फिग फाइलमध्ये लिहिलं असेल तर ती ओळ काढा, मग कॉन्फिग रीलोड करा. त्याला रीस्टार्ट लागत नाही. शेअर्ड_बफर्स आणि मॅक्स_कनेक्शन्सना लागतो, तो रात्री वापर कमी असताना करा.